रोमन देव म्हणजे ग्रीक देवांची कॉपी? हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललाय

ग्रीक आणि रोमन देवांचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात आणि तेच ते दळण सुरू होतं. एक पार्टी म्हणते रोमनांकडे स्वतःचं असं काही नव्हतंच, झ्यूसचा ज्युपिटर केला, हेराची जुनो केली, पोसायडनचा नेपच्यून केला, पाट्या बदलल्या आणि झालं काम. दुसरी म्हणते छे, रोमचा मूळ धर्म साधा, शेतकऱ्यांचा, सोवळा होता, ग्रीकांच्या नादाला लागून तो बिघडला. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याहून जास्त त्रास याचा होतो की दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात, की धर्म म्हणजे कोणाच्या तरी मालकीचा माल, तो एकतर चोरीला जातो नाहीतर त्यात भेसळ होते. माझं म्हणणं असं आहे की रोमने ग्रीकांकडून प्रचंड घेतलं, लोक समजतात त्याच्या कितीतरी आधीपासून घेतलं, पण कोणता देव आणायचा, त्याला कुठे बसवायचं, त्याची पूजा कोणी करायची आणि कोणी करायची नाही हे सगळं रोमने स्वतः बसून, ठराव करून ठरवलं. 'कॉपी' म्हटलं की हा ठरवण्याचा भागच दिसेनासा होतो, आणि खरी रोमन गोष्ट तर तिथेच आहे.

आधी कॉपीवाल्यांचं नीट ऐकून घेऊ, कारण त्यांच्याकडे पुरावा भक्कम आहे. आज आपल्याला रोमन पुराणकथा म्हणून जे काय माहीत असतं त्यातलं बरंचसं ओव्हिड या लॅटिन कवीकडून आलेलं आहे, आणि ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मधून ग्रीक कथा बाजूला काढल्या तर हातात फार थोडं उरतं. डॅफ्नी, नार्सिसस, ऑर्फियस, सगळी ग्रीक मंडळी. मूर्तींचे नमुने ग्रीक. लॅटिन साहित्याची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो लिव्हियस अँड्रोनिकस, त्याने ओडिसी लॅटिनमध्ये आणली, इ.स.पू. २४० मध्ये रोममध्ये ग्रीक धर्तीचं नाटक केलं, आणि इ.स.पू. २०७ मध्ये राज्यावर संकट आलं तेव्हा जुनोसाठी २७ मुलींनी म्हणायचं स्तोत्र लिहायलाही त्यालाच सांगितलं. होरेस तर अस्सल लॅटिन कवी, आणि तोच लिहून गेलाय की जिंकलेल्या ग्रीसने आपल्या रांगड्या विजेत्यालाच जिंकलं. घरचाच माणूस कबुली देतोय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

खरं तर आणखीही आहे, आणि ते कॉपीवाले सहसा सांगत नाहीत. होरेसच्या त्या ओळीमुळे असं चित्र तयार होतं की रोमनांनी ग्रीस जिंकला, इ.स.पू. १४६ मध्ये कॉरिंथ जाळलं, लूट घरी आणली आणि लुटीबरोबर देव आले. हे साफ चुकीचं आहे. रोमपासून वीसेक किलोमीटरवर गाबी नावाचं जुनं गाव होतं, तिथल्या दफनभूमीत सापडलेल्या एका मडक्यावर चार-पाच अक्षरं ओरखडलेली आहेत, बहुतेक अभ्यासक ती ग्रीक मानतात, आणि ते मडकं इ.स.पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातलं आहे. म्हणजे रोमची स्थापना परंपरेने ज्या इ.स.पू. ७५३ मध्ये धरतात त्याच्या आसपासचं किंवा थोडं आधीचंच. दुसरं उदाहरण थेट रोमच्या फोरममधलं, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातलं. तिथे काळ्या दगडाच्या फरशीखाली एक फार जुनं देवस्थान निघालं, बरेच जण ते व्हल्कनचं, म्हणजे रोमनांच्या अग्निदेवाचं मानतात. तिथे वाहिलेल्या वस्तूंमध्ये अथेन्सला बनलेल्या एका भांड्याचा तुकडा आहे, काळ्या रंगातलं चित्र, इ.स.पू. सहाव्या शतकातलं, आणि चित्र कोणाचं, तर गाढवावर बसून ऑलिंपसला परत निघालेल्या हेफेस्टसचं, म्हणजे ग्रीकांच्या लोहार देवाचं. आता विचार करा, ग्रीस जिंकण्याच्या चारशे वर्षं आधी, रोममध्ये राजे असतानाच्या काळात, कोणीतरी हे परदेशी भांडं आणून व्हल्कनला वाहतोय, आणि त्याला बहुधा पक्कं माहीत आहे की यावरचा देव तो हाच. लॅव्हिनियमला मिळालेली ब्राँझची पट्टी साधारण त्याच काळातली, तिच्यावर कॅस्टर आणि पॉलक्स या ग्रीक जुळ्यांना जुन्या लॅटिनमधून अर्पण केलेलं आहे. म्हणजे ग्रीक प्रभाव वर चढवलेला रंग नाहीये, आपल्याला खणून जितकं खाली जाता येतं तिथपर्यंत तो आहेच.

आणि इथेच दुसऱ्या, म्हणजे 'मूळ शुद्ध धर्म'वाल्या पार्टीची पंचाईत होते. त्यांचे दोन आवडते साक्षीदार आहेत. एक व्हॅरो हा रोमन पंडित, जो म्हणतो की रोमनांनी पहिली १७० वर्षं मूर्तीशिवाय देव पुजले आणि तसंच चाललं असतं तर पूजा जास्त पवित्र राहिली असती. दुसरा हॅलिकार्नाससचा इतिहासकार डायोनिसियस, जो रोमचा संस्थापक मानलेल्या रोम्युलसचं कौतुक करतो की त्याने बापाला नपुंसक करणारे देव, पोटची पोरं गिळणारे देव असल्या कथा आपल्या राज्यात येऊच दिल्या नाहीत. ऐकायला भारदस्त वाटतं. पण व्हॅरो इ.स.पू. पहिल्या शतकातला, अँटिओकस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाकडे शिकलेला, आणि देवाला माणसाचं रूप देणं हलकं आहे हा विचार मुळात ग्रीक तत्त्वज्ञांचा, झेनोफेनीसने तो व्हॅरोच्या चारेकशे वर्षं आधी मांडलेला. म्हणजे ग्रीकांच्या आधीचा रोम कसा असेल याची कल्पना व्हॅरो ग्रीकांच्याच पुस्तकातून करतोय. डायोनिसियस तर स्वतः ग्रीक, आणि त्याच्या सगळ्या ग्रंथाचा खटाटोप हे सिद्ध करायला आहे की रोमन हे मुळात ग्रीकच आहेत! शुद्धतेचे साक्षीदार म्हणून या दोघांना उभं करणं म्हणजे स्वतःचाच खटला हरणं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला, १९०२ मध्ये, गेऑर्ग व्हिस्सोवा या जर्मन पंडिताने रोमन देवांची मूळचे आणि नंतर आलेले अशी वाटणी केली. त्याचं काम अफाट आहे, आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही, पण ती वाटणी जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंपुढे टिकत नाही.

शिवाय बाहेरचे देव घेणं हीच रोमची स्वतःची जुनी रीत होती, त्यात बिघडण्याचा प्रश्न येतो कुठे? शत्रूच्या शहराला वेढा घातला की त्या शहराच्या देवतेला रीतसर आमंत्रण द्यायचं, आमच्याकडे ये, तुला इथल्यापेक्षा चांगलं देऊळ देऊ. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेयी हे एट्रुस्कन शहर पडलं तेव्हाची हकीकत रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, की जुनोची मूर्ती हलवायला गेलेल्या पोरांपैकी एकाने विचारलं, जुनो, रोमला यायचंय का, आणि बाकीच्यांनी ओरडा केला की देवीने मान डोलावली. लिव्हीचा स्वतःचा यावर कितपत विश्वास होता ते सोडा, पण देवीलाही विचारून न्यायचं असतं ही समजूत बघा. ज्या लोकांचा धर्म असा, त्यांच्याबाबत 'बाहेरचं घेतलं म्हणून अस्सल राहिलं नाही' हा आरोप करायला जागाच कुठे उरते?

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी एकच वर्ष घेतो, इ.स.पू. २१७, कारण कॉपीवाल्यांचा सगळ्यात मोठा हुकमाचा पत्ता याच वर्षातला आहे. ट्रॅसिमीन तलावाच्या काठी कार्थेजच्या हॅनिबलने रोमन फौज कापून काढली, कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) फ्लॅमिनियस मारला गेला, शहरात हाहाकार. फेबियस मॅक्सिमसला डिक्टेटर, म्हणजे संकटापुरता सर्वाधिकारी केलं, आणि तो सिनेटमध्ये उभा राहून पहिली गोष्ट काय बोलतो, तर फ्लॅमिनियसची चूक उतावळेपणाची होती त्याहून जास्त विधी आणि शकुन धुडकावण्याची होती, तेव्हा आधी सिबिलाईन ग्रंथ उघडा. हे ग्रंथ म्हणजे ग्रीक भाषेत, ग्रीक छंदात लिहिलेल्या ओळी, कॅपिटॉलच्या देवळात ठेवलेल्या, आणि त्या बघायचा अधिकार राज्याने नेमलेल्या दहा माणसांना, तोही सिनेटने सांगितलं तरच. त्यांनी ग्रंथ बघून जी यादी दिली त्यात होतं देवांचं मोठं भोजन. देवांना पलंगांवर बसवायचं, पुढे ताटं मांडायची, तीन दिवस. आणि पहिल्यांदाच बारा देव सहा जोड्यांनी बसवले. बारा हा ऑलिंपसचाच आकडा, नावं जुळतात, जोड्याने बसवणंही ग्रीक. कॉपीवाले म्हणतात बघा, इथे तर सरळसरळ ग्रीक दरबार उचलून रोममध्ये मांडलाय.

पण जोड्या बघा ना एकदा! ज्युपिटर-जुनो ठीक आहे, झ्यूस-हेरासारखं. अपोलो-डायाना, भाऊबहीण, तेही ठीक. नेपच्यून-मिनर्व्हा म्हणजे पोसायडन-अथेना, यात अथेन्सची आठवण असू शकते. पुढे? व्हल्कनबरोबर व्हेस्टा. ग्रीक कथांमध्ये हेफेस्टसची बायको अॅफ्रोडाइटी, आणि हेस्टिया, म्हणजे त्यांची व्हेस्टा, कुमारी, तिचा हेफेस्टसशी काही संबंधच नाही. रोमने या दोघांना एका पलंगावर बसवलं कारण दोघेही अग्नी, एक जाळणारा आणि एक चुलीतला. मर्क्युरीबरोबर सेरेस, म्हणजे व्यापार आणि धान्य, ग्रीक कथेत ही जोडी कुठेच नाही, पण बाहेरून येणाऱ्या धान्याच्या गलबतांवर लक्ष ठेवून असलेल्या शहराला ती आपसूक सुचते. आणि मार्सबरोबर व्हीनस. ग्रीक कथेत एरीस आणि अॅफ्रोडाइटी म्हणजे नवऱ्याच्या जाळ्यात रंगेहाथ सापडलेलं प्रकरण, सगळे देव जमून हसतात. रोममध्ये तेच दोघे शेजारी बसतात ते रोम्युलसचा बाप आणि एनियासची आई म्हणून, म्हणजे रोमच्या दोन्ही मूळपुरुषांचे आईबाप म्हणून, हॅनिबल दाराशी आलेला असताना. चित्र ग्रीक, अर्थ पूर्ण वेगळा. याला कॉपी म्हणायचं असेल तर मग कॉपी या शब्दात सगळंच बसेल.

त्याच ग्रंथांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती कॉपीवाल्यांच्या यादीत कधीच नसते. पवित्र वसंत. हा इटलीतल्या टोळ्यांचा जुना विधी, एका वसंतात जन्मलेलं सगळं देवाला देऊन टाकायचं. ग्रीक भाषेतले ग्रंथ रोमनांना इटलीचा विधी करायला सांगतात! मग हा ग्रीक प्रभाव म्हणायचा की काय म्हणायचा? आणि तो नवस बोलला कसा तेही बघण्यासारखं आहे, लिव्हीने मजकूर जवळजवळ पूर्ण दिलाय. मुख्य पुरोहित लेंटुलसने सांगितलं की लोकांच्या मंजुरीशिवाय हा नवस बोलता येणार नाही, म्हणून तो लोकांपुढे मतासाठी ठेवला. पुढची पाच वर्षं रोमन राज्य या युद्धांतून सुखरूप राहिलं तर वसंतात डुकरं, मेंढ्या, शेळ्या, गुरं यांत जे जन्मेल ते ज्युपिटरला. आणि मग अटी. द्यायचं जनावर आधीच मेलं तर दोष नाही. कोणी नकळत मारलं तर गुन्हा नाही. चोरीला गेलं तर ना लोकांवर दोष ना ज्याचं गेलं त्याच्यावर. अशुभ दिवशी चुकून बळी दिला गेला तरी तो धरला जावा. रात्री दिला, दिवसा दिला, गुलामाने दिला, स्वतंत्र माणसाने दिला, तरी धरला जावा. हा नवस फेडला कधी, तर इ.स.पू. १९५ मध्ये, हॅनिबल हरून सात वर्षं झाल्यावर, आणि पुढच्या वर्षी मुख्य पुरोहिताने सांगितलं की विधीत चूक झालीय, म्हणून इ.स.पू. १९४ मध्ये सगळं परत केलं. सगळं. परत. ज्या लोकांना देवाशी बोलताना एवढी कलमं सुचतात आणि एक चूक झाली म्हणून अख्ख्या राज्याचा विधी जे पुन्हा करतात, त्यांचा धर्म तुम्ही झ्यूसच्या लफड्यांच्या कथांवरून मोजणार?

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. आपण धर्म आणि पुराणकथा एकच धरतो. ग्रीकांकडून रोमला कथा आल्या, मूर्तीचं रूप आलं, काही पूजा आल्या, हे सगळं खरं, पण रोमन माणसासाठी धर्म म्हणजे कोणत्या दिवशी, कोणाला, काय, कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या हातून द्यायचं हे होतं. आपल्याकडच्या कुळाचारासारखं समजा, घरात कुलदैवताची कथा कोणाला धड सांगता येत नाही पण नैवेद्यात काय लागतं आणि काय चालत नाही हे सगळ्यांना पाठ असतं. केटो या जुन्या रोमन नेत्याने शेतीवर पुस्तक लिहिलंय, त्यात शेताभोवती डुक्कर, मेंढा आणि बैल फिरवून मार्सला बळी द्यायचा मंत्र आहे. त्यात तो मार्सकडे काय मागतो? दिसणारे न दिसणारे आजार दूर ठेव, नापिकी आणि वाईट हवा दूर ठेव, धान्य, द्राक्षमळे, रोपं वाढू दे, गुराखी आणि गुरं सांभाळ, मला, घराला, घरातल्या माणसांना आरोग्य दे. आणि बळी पसंत पडला नाही तर लगेच दुसरा द्यायचा, शब्द ठरलेले, की मार्सबाप्पा, आधीच्यात काही कमी पडलं असेल तर हा घे. आता इलियडमधला एरीस आठवा, झ्यूस ज्याला तोंडावर सांगतो की सगळ्या देवांत तुझाच मला सर्वात जास्त तिटकारा आहे. कुंपणावर उभा राहून गुराढोरांची राखण करणारा तो हा देव आहे का? दोघांना एकमेकांचं नाव दिलं गेलं, एकमेकांचं चिलखत चढवलं गेलं, पण केटोचा मुनीम शेताभोवती जनावरं फिरवत होता ते होमर ऐकून नव्हे.

नेपच्यूनचंही तसंच. पोसायडन म्हणजे समुद्र, भूकंप, घोडे. नेपच्यूनचा सण येतो २३ जुलैला, इटलीत उन्हाने जीव कासावीस होतो तेव्हा, आणि लोक झाडाच्या फांद्यांच्या झोपड्या करून त्यात बसायचे. समुद्राचा वारा नाही त्यात, आटत चाललेल्या गोड्या पाण्याची काळजी आहे. आपल्याकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडनची सुंदर ब्राँझ मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, ज्यांनी बघितली नाही त्यांनी जरूर बघावी. ती रोमन काळातली, जुन्या ग्रीक नमुन्यावरून घडवलेली, सातवाहनांच्या काळातल्या व्यापारातून पंचगंगेकाठी आलेली. पाटीवर पोसायडन लिहिलंय, आणि रूपावरून बघितलं तर ते बरोबरच आहे. पण बोटीवर ती ज्याच्या सामानात होती तो तिला पोसायडन म्हणत होता की नेपच्यून, आणि तिच्यापुढे काय ठेवत होता, हे मूर्ती सांगू शकत नाही. मूर्तीच्या घडणीवरून धर्म ओळखणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

बरं, आता येतो बाहेरचे देव घेताना रोमने घातलेल्या अटींवर. अपोलोचं देऊळ साथीच्या काळात नवसाने बोललं, इ.स.पू. ४३१ मध्ये उभं राहिलं, पण शहराच्या पवित्र हद्दीबाहेर. ग्रीसमधल्या एपिडॉरसहून वैद्यकीचा देव एस्क्युलेपियस आणला इ.स.पू. २९१ मध्ये, तोही साथीमुळे, त्याला जागा टायबर नदीतल्या बेटावर. सेरेसचं देऊळ अॅव्हेंटाइन टेकडीवर इ.स.पू. ४९३ चं, त्याची सजावट दोन ग्रीक कलाकारांनी केली असं प्लिनी सांगतो, आणि तिची ग्रीक पद्धतीची पूजा करायला बायका नेपल्स आणि व्हेलिया या ग्रीक शहरांतून बोलवायचे. सिसरो एका खटल्यातल्या भाषणात सांगतो की त्या पुजारणींना रोमचं नागरिकत्व द्यायचे, म्हणजे ज्ञान परदेशी पण प्रार्थना करणारं मन इथलं. हे एक वाक्य मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. उलट उदाहरण थोरल्या मातेचं, म्हणजे सिबेली देवीचं. इ.स.पू. २०४ मध्ये आशिया मायनरहून तिचं रूप मानलेला काळा दगड वाजतगाजत आणला, पॅलाटाइनवर देऊळ दिलं, खेळ सुरू केले, पण तिचे स्वतःला खच्ची करून घेणारे पुजारी होते ना, तसा पुजारी व्हायला रोमन नागरिकाला बंदी. देवी पाहिजे, मिरवणूक पाहिजे, पण आपला माणूस त्यात नाचणार नाही. आणि ज्याला रोमन लोक 'ग्रीक रीत' म्हणायचे, डोकं उघडं ठेवून, लॉरेलची माळ घालून बळी देणं, तिचं काय? ती त्यांनी सॅटर्नसाठी वापरली, म्हणजे आपल्या सगळ्यात जुन्या म्हणवणाऱ्या देवांपैकी एकासाठी! ग्रीक रीत हा रोमन धर्मातलाच एक कप्पा होता, त्यात काय टाकायचं ते रोमन पुरोहित ठरवायचे, कुठल्या ग्रीकाला कोणी विचारायला गेलं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल की बाबा, हे सगळं तू धर्म म्हणून सांगतोयस पण हे तर राजकारण आहे, सिनेटच्या म्हाताऱ्यांना सत्ता हातात ठेवायची होती, आणि ग्रीक प्रभाव इतका आटोक्यात होता तर मग इ.स.पू. १८६ ला काय झालं? बरोबर आहे, बॅकस या मद्याच्या देवाच्या गुप्त मंडळांवर तेव्हा जे झालं ते भयंकर होतं. लिव्ही सात हजारांवर माणसं गुंतल्याचं सांगतो आणि कैदेपेक्षा जास्त लोकांना मृत्युदंड दिल्याचं सांगतो. हॅनिबलकडून कॅनेला झालेल्या पराभवानंतर इ.स.पू. २१६ मध्ये तर एक ग्रीक जोडपं आणि एक गॉल जोडपं बैलबाजारात जिवंत पुरलं, आणि लिव्हीलाही ते लिहिताना शरम वाटलेली दिसते. रोमन नियंत्रण म्हणजे काही तरी मोठं शहाणपण होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्यात भीती होती, क्रूरपणा होता. पण बॅकसवाल्या प्रकरणाचा ठराव वाचा, मूळ ब्राँझचा पत्रा १६४० मध्ये दक्षिण इटलीत तिरिओलोला सापडला आणि आता व्हिएन्नात आहे. त्यात देवावर बंदी नाहीये. ज्याला ही पूजा केल्याशिवाय भागत नाही त्याने रोमला प्रेटर या अधिकाऱ्याकडे यावं, किमान शंभर सिनेटर हजर असताना परवानगी घ्यावी, मग पाच जणांपर्यंत जमता येईल, पुरुष दोनपेक्षा जास्त नाहीत, बायका तीनपेक्षा जास्त नाहीत, पुरुष पुजारी नको, सामाईक पैसा नको, शपथा नकोत. हे राजकारण आहे का? आहेच. पण रोममध्ये पुरोहित आणि सिनेटर ही बहुतेक तीच ती माणसं होती, सीझर स्वतः मुख्य पुरोहित होता, तेव्हा राजकारण वेगळं काढून ठेवून उरेल तो रोमन धर्म, अशी वजाबाकी करताच येत नाही.

राहता राहिली ओव्हिडची गोष्ट, की रोमनांना स्वतःच्या कथाच नव्हत्या. ११ जूनला मेटर मॅट्युटा या पहाटेच्या देवीचा सण असायचा, त्यात बायका एका दासीला देवळात आणून मारून हाकलायच्या आणि स्वतःच्या मुलांऐवजी बहिणीच्या मुलांसाठी प्रार्थना करायच्या. ओव्हिडने याला ग्रीक आयनोची कथा लावलीय, आणि ती ओढूनताणून लावल्याचं वाचताना कळतं. जॉर्ज ड्युमेझिल या फ्रेंच विद्वानाने ऋग्वेदातली उषा पुढे आणली, अंधाराला हाकलणारी आणि आपली बहीण रात्र हिच्या बाळाला जोजवणारी, आणि तो विधी एकदम समजायला लागतो. ड्युमेझिलचं सगळंच मान्य करायला पाहिजे असं नाही, त्याने पुष्कळ ठिकाणी ताणलंय, पण एवढं तरी पटतं की विधी आधीपासून होता आणि ग्रीक कथा नंतर त्याला डकवली. तोच ओव्हिड दारांचा देव जेनस याच्यापाशी येतो तेव्हा सरळ सांगून टाकतो की तुझ्या तोडीचा देव ग्रीसकडे नाही. आणि कथा म्हणाल तर रोमनांनी त्या देवांच्या करण्याऐवजी माणसांच्या केल्या, पुलावर एकटा उभा राहिलेला एकडोळ्या होरेशियस, स्वतःचा हात आगीत धरणारा म्यूशियस. आपण त्या इतिहासाच्या कप्प्यात टाकतो आणि मग पुराणकथांचा कप्पा रिकामा आहे म्हणून ओरडतो.

आणि ज्या ग्रीकांना मूळ मालक म्हणून उभं केलं जातं, ते स्वतः काय म्हणत होते? हिरोडोटस लिहितो की जवळजवळ सगळ्या देवांची नावं इजिप्तमधून ग्रीसला आली. आज कोणी हे जसंच्या तसं मानत नाही, पण त्याला ते सांगताना कमीपणा वाटला नाही हे महत्त्वाचं. क्रोनसने बापाला विळ्याने कापल्याची ग्रीक कवी हेसियडची कथा घ्या, तुर्कस्तानात हट्टुसाला सापडलेल्या हित्ती मृत्पट्टांवर तिचं जुनं भावंड आहे, कुमार्बी आकाशदेव अनूचं लिंग दातांनी तोडतो. मग ग्रीकही कॉपी करणारे का? मेगॅस्थेनिसला मथुरेच्या देवात हेरॅक्लीस दिसला, सीझरला गॉलांच्या देवात मर्क्युरी दिसला. आपण मार्सच्या वाराला मंगळवार आणि व्हीनसच्या वाराला शुक्रवार म्हणतो, ग्रहांच्या नावाचा हा आठवडा आपल्याकडे पश्चिमेकडच्या ज्योतिषाबरोबर आला, पण म्हणून काही मंगळवारी गणपतीला जाणारा माणूस मार्सची कॉपी करत नाही.

प्रवाह उलटाही वाहिला, आणि याचा उल्लेख या वादात कोणीच करत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. स्मर्ना, होमरचं गाव म्हणवणारं अस्सल ग्रीक शहर, त्याने इ.स.पू. १९५ मध्ये एका नव्या देवीचं देऊळ बांधलं. देवीचं नाव रोमा. रोममध्ये तेव्हा असली काही देवी पुजत नव्हते, सम्राट वगैरे अजून दीडशे वर्षं लांब होते. पूर्वेकडची सत्ता आता कोणाच्या हातात जातेय हे ग्रीकांनी ओळखलं आणि त्या सत्तेला आपल्या पद्धतीने देवी करून टाकलं, पुढे इतर ग्रीक शहरांनीही तिची देवळं बांधली, तिच्या नावाने खेळ भरवले. रोम शहरात रोमाला मोठं देऊळ मिळालं ते थेट हेड्रियनच्या काळात, इ.स. दुसऱ्या शतकात, आणि तिथे तिच्या पाठीला पाठ लावून बसवली होती ती व्हीनस.